गाडीकडे बघणारा माणूस: रेल्वेचे प्रमुख बदलायला लावणाऱ्या फंडांना खुले पत्र

प्रति,
अमेरिकेतल्या मालवाहू रेल्वे कंपन्यांचे शेअर बाळगणाऱ्या हेज फंड, पेन्शन फंड आणि इंडेक्स फंडांचे व्यवस्थापक

स. न. वि. वि.

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस सीएसएक्स रेल्वेची दोन अवघड कामं मार्गी लागली. बाल्टिमोर शहराच्या पोटातून जाणारा हॉवर्ड स्ट्रीट बोगदा एकोणिसाव्या शतकातला. एकावर एक कंटेनर रचलेल्या गाड्या त्यातून जाव्यात म्हणून फेब्रुवारीपासून तो बंद ठेवून आत काम चाललं होतं. दुसरीकडे, हेलीन चक्रीवादळाच्या पुराने सप्टेंबर २०२४ मध्ये ब्लू रिज डोंगरातला मार्ग धुऊन नेला होता. तो वर्षभर खपून पुन्हा बांधला गेला. हे दोन्ही रस्ते बंद असताना गाड्या वळसे घालून जात होत्या, यार्डं तुंबत होती, खर्च चढत होता. बोगदा उघडला, डोंगरातला मार्ग उघडला आणि त्याच सुमारास, २९ सप्टेंबरला, बातमी आली की सीईओ जो हिनरिक्स जात आहेत आणि त्यांच्या जागी स्टीव्ह एंजल येत आहेत. ऑगस्टमध्येच अँकोरा या फंडाने संचालक मंडळाला पत्र लिहून बजावलं होतं की दुसऱ्या रेल्वेशी विलीनीकरण करा, नाहीतर सीईओ बदला.

हिनरिक्स यांचं सगळंच बरोबर होतं असं माझं म्हणणं नाही. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये रुळांची आणि डब्यांची देखभाल करणाऱ्या कामगारांना पगारी आजारपणाची रजा देणारी पहिली मोठी रेल्वे त्यांचीच होती. त्यांना तीन वर्षं मिळाली. त्यातलं शेवटचं वर्ष पुराने आणि बोगद्याने खाल्लं, आणि दबाव नेमका त्याच वर्षाचे आकडे दाखवून आला. तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय.

मी ईशान्य ओहायोत राहतो. प्लास्टिकचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात कच्चा माल वेळेवर आणणं हे माझं काम. आमचा कच्चा माल म्हणजे रेझिनचे दाणे, साबुदाण्याएवढे, पांढरे. ते बंद हॉपर वॅगनमधून येतात. वॅगन आमच्या साईडिंगवर, म्हणजे कारखान्यात आलेल्या रुळांच्या फाट्यावर, लागली की खालच्या तोंडाला पाइप जोडतात आणि दाणे खळखळत सायलोत ओढले जातात. एकवीस वर्षं तो आवाज ऐकतोय. आवाज आला नाही की त्या दिवशी कारखान्यात काय होणार हे मला माहीत असतं.

म्हणजे मी रेल्वेचा ग्राहक आहे. शिवाय तुमच्यासारखाच मालकही आहे. माझ्या निवृत्तीचे पैसे इंडेक्स फंडात आहेत आणि त्या फंडात देशातल्या शेअर बाजारावर असलेल्या सगळ्या मोठ्या रेल्वे आहेत. संचालक निवडताना माझ्या त्या इवल्याशा हिश्शाचं मत तुम्ही देता. तुम्ही जे करता त्यात माझंही नाव असतं, म्हणून गप्प बसवत नाही.

मराठीत लिहितोय, कारण तुमच्यात मराठी माणसं आहेत. न्यू यॉर्क, न्यू जर्सीत आहेत, आणि तुमच्यासाठी आकडेमोड करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या ऑफिसांतही आहेत. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत भेटलेला एक हुशार मुलगा मला म्हणाला, "काका, रेल्वेत बाकी काही बघू नका. ऑपरेटिंग रेशो बघा. तो उतरतोय म्हणजे मॅनेजमेंट चांगलं." आरती सुरू झाली म्हणून त्याला उत्तर देता आलं नाही. ते उत्तर आता देतो, रेशो म्हणजे काय तेही ओघात सांगतो.

माझे वडील भुसावळला गुड्स गार्ड होते. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, २०२२ मध्ये नाव बदललं. आमच्या घरात मात्र तो शब्द कुणाच्या तोंडात बसला नाही. लोखंडी लाईन बॉक्स, लाल-हिरवे झेंडे, हातबत्ती आणि गाडीच्या शेवटच्या ब्रेकव्हॅनमधली रात्र. लहानपणी मला वाटायचं, स्टेशनवरचा माणूस जाणाऱ्या गाडीला हिरवा झेंडा दाखवतो तो एक प्रकारचा रामराम असावा. वडिलांनी समजावलं की तो गाडी तपासत असतो. एखाद्या चाकापाशी धूर आहे का, ठिणग्या उडतात का, काही लोंबतंय का, जळका वास येतोय का. सगळं ठीक असेल तर हिरवा. ड्रायव्हर आणि गार्ड त्याला उलट हिरवा दाखवतात. याला 'ऑल राईट' घेणं म्हणतात.

एका रात्री एका छोट्या स्टेशनवर वडिलांच्या गाडीला हिरव्याऐवजी लाल बत्ती मिळाली. गाडीच्या मधल्या एका वॅगनचा ॲक्सल बॉक्स, म्हणजे चाकाच्या आसाचं बेअरिंग असलेली पेटी, तापला होता. वडील अगदी शेवटी, ड्रायव्हर अगदी पुढे, दोघांनाही ते दिसणं शक्य नव्हतं. दिसलं ते फलाटावर उभ्या असलेल्या पॉइंट्समनला. त्यावर पाणी टाकलं तेव्हा चर्रकन वाफ उठली. वॅगन साईडिंगला काढली आणि गाडी पाऊण तास उशिरा पुढे गेली. वडील शेवटपर्यंत त्या पॉइंट्समनचं नाव काढायचे.

भारतातली रेल्वे आदर्श आहे असं मी म्हणत नाही. तिथले अपघात मलाही माहीत आहेत. ही गोष्ट सांगतोय ती ३ फेब्रुवारी २०२३ च्या रात्रीसाठी.

त्या रात्री नॉरफोक सदर्नची एक मालगाडी इलिनॉयहून पेनसिल्व्हेनियाकडे चालली होती. १४९ डबे. तेविसाव्या डब्याचं एक बेअरिंग तापत होतं. तो डबा म्हणजे प्लास्टिकचे दाणे भरलेली हॉपर वॅगन होती, माझ्या साईडिंगवर येते तशीच. सेब्रिंग गावाजवळ रुळाशेजारी बसवलेल्या, बेअरिंगचं तापमान मोजणाऱ्या डिटेक्टरने त्या बेअरिंगचं तापमान हवेपेक्षा ३८ अंश फॅरनहाइट जास्त नोंदवलं. पुढे दहा-अकरा मैलांवर सेलमजवळ ते १०३ झालं. कंपनीच्या नियमाप्रमाणे गाडी थांबवायला १७० लागत होते, म्हणून गाडी चालत राहिली. सेलममधल्या एका कारखान्याच्या कॅमेऱ्यात त्या गाडीखालचा जाळ चक्क दिसतो. त्यापुढचा डिटेक्टर १९ मैलांवर, ईस्ट पॅलेस्टाइनच्या वेशीवर होता. तिथे आकडा आला २५३. क्रू ब्रेक लावत असतानाच गाडी घसरली.

३८ डबे रुळांवरून गेले. पाच टँकरमध्ये व्हिनाइल क्लोराइड हे विषारी, ज्वालाग्राही रसायन होतं. तीन दिवसांनी ते मुद्दाम सोडून पेटवलं आणि काळा ढग जेमतेम पावणेपाच हजार वस्तीच्या गावावर उभा राहिला. जून २०२४ मध्ये राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने त्याच गावात बैठक घेऊन निष्कर्ष सांगितले. त्यातला एक असा की ते रसायन पेटवण्याची गरजच नव्हती.

तुमच्या दबावामुळे हा अपघात झाला असं मंडळाने म्हटलेलं नाही. मीही म्हणत नाही. पण जळणारं चाक दोन डिटेक्टरांच्या मधून १९ मैल गेलं आणि त्या १९ मैलांत गाडीकडे बघायला एकही माणूस नव्हता, हे खरं आहे. इथल्या गाड्यांच्या शेवटी पूर्वी कबूस, म्हणजे इथली ब्रेकव्हॅन, असायचा, त्यात माणूस असायचा. तो १९८० च्या दशकात गेला आणि त्याच्या जागी एक दिवा लुकलुकणारं यंत्र आलं. यंत्राला माझा विरोध नाही. माणूस काढला की त्याच्या जागी यंत्रं पुरेशी आणि पुरेशा जवळ लावावी लागतात. त्याला पैसे लागतात, आणि ते पैसे खर्चाच्या रकान्यात पडतात. ऑपरेटिंग रेशो चढतो.

रेशो म्हणजे काय, ते वाचकांसाठी सांगतो. शंभर डॉलर मिळवायला रेल्वेला किती खर्च आला, तो आकडा. ऐंशी असेल तर वीस उरले, साठ असेल तर चाळीस. आमच्या कारखान्यात शंभरातले दहा उरले तर मालक पेढे वाटेल.

आता या आकड्यापायी प्रमुख कसे बदलत गेले ते बघा.

या पद्धतीचा मोठा विजय २०१२ मध्ये कॅनडात झाला. बिल ॲकमन यांच्या पर्शिंग स्क्वेअर फंडाने कॅनेडियन पॅसिफिकच्या संचालक मंडळावर आपली माणसं उभी केली. सभेच्या दिवशीच सीईओ फ्रेड ग्रीन पायउतार झाले आणि काही आठवड्यांत हंटर हॅरिसन आले. ऐंशीच्या वर असलेला रेशो चार वर्षांत साठच्या आसपास आला. यात खोट काढण्यासारखं सगळंच नव्हतं, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. ती रेल्वे सुस्तावली होती, डबे यार्डात नुसते पडून राहायचे, आणि हॅरिसन यांना रेल्वे आतून माहीत होती. १९६३ मध्ये मेम्फिसच्या यार्डात ते वंगणवाला म्हणून लागले होते. गाडीखाली वाकून बेअरिंगला तेल घालणं, हे त्यांचं पहिलं काम. गाडीकडे बघणारा माणूस काय करतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

जानेवारी २०१७ मध्ये पॉल हिलाल यांच्या मँटल रिज फंडाने हॅरिसन यांना सीएसएक्सवर आणायचं ठरवलं आणि मार्चमध्ये ते आले. जुन्या कंपनीत सोडून दिलेल्या लाभांची भरपाई म्हणून ८ कोटी ४० लाख डॉलर सीएसएक्सने द्यावेत, याला भागधारकांनी जूनमध्ये मोठ्या बहुमताने होकार दिला. त्या मताला तुमच्यातल्या बहुतेकांचा हात लागलेला आहे. हॅरिसन यांनी झपाट्याने हम्प यार्डं (उंचवट्यावरून डबे सोडून गाड्या जुळवण्याची यार्डं) बंद केली, वेळापत्रक बदललं, माणसं कमी केली. उन्हाळ्यात वाहतूक विस्कटली, ग्राहकांचा माल अडकला आणि ऑक्टोबरमध्ये रेल्वेवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्डाला, म्हणजे एसटीबीला, सुनावणी घ्यावी लागली. १६ डिसेंबरला हॅरिसन वारले. आजारी माणसाला इतकी मोठी उलथापालथ नऊ महिन्यांत उरकायला लावली गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सोरोबान फंडाच्या दबावानंतर युनियन पॅसिफिकने जाहीर केलं की लान्स फ्रिट्झ जातील. ऑगस्टमध्ये जिम व्हेना आले.

मग २०२४, नॉरफोक सदर्न. ईस्ट पॅलेस्टाइननंतर त्या कंपनीच्या प्रमुखांना जाब विचारायलाच हवा होता. पण कुठला जाब? ॲलन शॉ यांनी डिसेंबर २०२२ मध्ये, अपघाताच्या आधी, धोरण मांडलं होतं की मंदी आली म्हणून क्रू घरी पाठवायचा नाही, कारण माल परत वाढतो तेव्हा शिकलेली माणसं मिळत नाहीत. मला ते शहाणपणाचं वाटलं होतं. अँकोराने फेब्रुवारी २०२४ मध्ये मोहीम उघडली ती रेशो बाकीच्यांपेक्षा वाईट आहे म्हणून, आणि तीन वर्षांत तो साठच्या खाली आणू असं आश्वासन देत. सुरक्षेचा मुद्दा त्यांनीही मांडला, कामगार संघटनासुद्धा दोन बाजूंना विभागल्या, हे सांगितलंच पाहिजे. अँकोरा आमच्या क्लीव्हलंडची. तिथून ईस्ट पॅलेस्टाइन गाडीने दीडेक तासावर आहे.

मार्चमध्ये कंपनीने लढाईत टिकण्यासाठी दुसऱ्या रेल्वेतून जॉन ऑर यांना ऑपरेशन्सचे प्रमुख म्हणून आणलं आणि त्यांना सोडण्याबद्दल त्या रेल्वेला अडीच कोटी डॉलर मोजले. मे महिन्यात अँकोराचे तीन संचालक निवडून आले, अध्यक्षा एमी माइल्स हरल्या, शॉ टिकले. सप्टेंबरमध्ये वर्तनविषयक धोरण मोडल्यामुळे शॉ यांनाही जावं लागलं आणि मार्क जॉर्ज आले. आणि २९ जुलै २०२५ ला युनियन पॅसिफिकने ८५ अब्ज डॉलरला ही सगळी रेल्वेच विकत घेण्याचा करार जाहीर केला. ज्या कंपनीचा भरवसा परत मिळवायला दहा वर्षं लागली असती, तिच्या वाट्याला अडीच वर्षांत अपघात, मतदानाची लढाई, नवा प्रमुख आणि विक्रीचा करार आला.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, आणि मला सगळ्यांत टोचणारी, वेळेची. बोगदा शंभर-सव्वाशे वर्षं टिकतो. रूळ, पूल, यार्ड यांचा हिशोब दशकांत करावा लागतो. नवा ड्रायव्हर तयार व्हायला वर्षं लागतात आणि त्याला घाटातली उतरण अंगवळणी पडायला आणखी काही. तुमचा हिशोब तिमाहीचा, फार तर तीन वर्षांचा. प्रत्येक नवा प्रमुख पहिल्या वर्षी माणसं बदलतो, दुसऱ्या वर्षी वेळापत्रक, आणि तिसऱ्या वर्षी तुमचं पत्र येतं. पुढचा पूल कधी बदलायचा हे ठरवायला खुर्चीत कोण उरतो?

दुसरी माणसांची. एप्रिल २०२२ मध्ये एसटीबीने दोन दिवस सुनावणी घेतली. तेव्हाचे अध्यक्ष मार्टिन ओबरमन यांनी सांगितलं की मोठ्या रेल्वे कंपन्यांनी सहा वर्षांत २९ टक्के, म्हणजे सुमारे ४५ हजार माणसं कमी केली. त्याच वर्षी संप होऊ नये म्हणून काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, कायदा करून करार लादला आणि सात दिवसांच्या पगारी आजारपणाच्या रजेचा प्रस्ताव सिनेटमध्ये पडला. ताप आला तर पगार बुडणार, अशा अवस्थेत माणसं दोन-तीन मैल लांबीच्या गाड्या हाकत होती आणि दर तिमाहीला तुम्ही विचारत होता, रेशो किती? डबे तपासणाऱ्या कारमन मंडळींची तक्रार तर जुनीच आहे, की एका डब्यापाशी थांबायला मिळणारा वेळ कमी कमी होत गेला. वाकायचं, दिवा धरायचा, हाताने चाचपायचं, पुढे जायचं. हे किती सेकंदांत नीट होतं ते तुमच्यातल्या कुणी कधी घड्याळ लावून पाहिलंय का?

तिसरी माझ्या कारखान्याची. काही वर्षांपूर्वी आम्हाला सेवा देणाऱ्या रेल्वेत वरची मंडळी बदलली. नाव घेत नाही, कारण भांडण त्या रेल्वेशी नाही. आमचा रोजचा लोकल क्रू आठवड्यातून तीन दिवसांवर आला. रेझिनच्या वॅगन चार राज्यं पलीकडच्या यार्डात अकरा दिवस उभ्या होत्या. स्क्रीनवर त्या रोज तिथेच दिसायच्या. फोन केला की दर वेळी वेगळा आवाज. मग एका सकाळी नऊ वॅगन एकदम आल्या. आमच्या साईडिंगवर चार मावतात. उरलेल्या पाच आमच्यामुळे अडकल्या म्हणून डेमरेजचं बिल आलं. दरम्यान दुप्पट पैसे देऊन ट्रकने दाणे आणले, तरी एक लाईन सहा दिवस बंद राहिली. रोजंदारीवरची चौदा माणसं घरी पाठवावी लागली आणि ते सांगायचं काम माझ्याकडे होतं. त्यांच्यातली एक बाई काही बोलली नाही. तिने फक्त डब्यातलं जेवण तिथेच बाकावर बसून संपवलं आणि गेली. त्या तिमाहीत त्या रेल्वेचा रेशो सुधारला होता. मी मुद्दाम बघितलं.

चौथी गावांची. काँग्रेससाठी सरकारी कामाचा हिशोब तपासणाऱ्या जीएओ या संस्थेने २०१९ मध्ये सांगितलं की दोन मोठ्या रेल्वेंच्या गाड्यांची सरासरी लांबी २००८ पासून सुमारे २५ टक्क्यांनी वाढली. लांब गाडी म्हणजे कमी क्रू, कमी इंजिनं. गाव मात्र तेवढंच राहतं. अशी गाडी थांबली की आमच्यासारख्या गावातलं प्रत्येक फाटक एकाच वेळी बंद होतं. ओहायोत फाटक पाच मिनिटांहून जास्त अडवायला बंदी करणारा कायदा होता. केंद्रीय कायद्यापुढे तो लागू होत नाही, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ठरवलं. म्हणजे गावाला दाद मागायला जागा नाही. तुमच्यापुढे मात्र रेल्वे कंपनी अठरा पानी सादरीकरण घेऊन उभी राहते.

पाचवी माझ्या मताची. २०२४ च्या लढाईत मतदानाचा सल्ला देणाऱ्या दोन्ही मोठ्या संस्थांनी अँकोराच्या काही उमेदवारांची बाजू घेतली. तुमच्यातल्या कुणी त्यांचं ऐकलं, कुणी नाही. माझ्या पैशांवर दिलेलं मत कुठे आणि का पडलं, हे मतदानाआधी मला कुणी विचारलं नाही. नंतरही शोधून काढावं लागलं.

या तक्रारींवर मी पुढील मागण्या करतो.

ज्या फंडाला रेल्वेच्या संचालक मंडळावर आपली माणसं बसवायची आहेत, त्याने निदान पाच वर्षं आपले शेअर विकणार नाही असं आधी लेखी द्यावं. बदल आणायचा असेल तर त्याची फळं भोगायला थांबावं, गोड असोत की कडू.

प्रमुखांच्या बोनसमधून ऑपरेटिंग रेशो काढून टाका. त्याच्या जागी माल ठरल्या दिवशी पोचला का, किती कामगार जखमी झाले, किती वेळा गाडी घसरली आणि डब्याच्या तपासणीला किती वेळ दिला, हे धरा. हे आकडे दर तिमाहीला रेशोच्या शेजारी छापायला लावा.

डिटेक्टर किती अंतरावर असावेत याचा केंद्रीय नियम ईस्ट पॅलेस्टाइनच्या वेळी नव्हता. अपघातानंतर कंपन्यांनी मुख्य मार्गांवर सरासरी १५ मैलांचं अंतर स्वतःहून मान्य केलं, ते चांगलं केलं. पण सरासरीत १९ मैल सहज लपतात. ओहायोच्या तेव्हाच्या दोन्ही पक्षांच्या सिनेटरांनी, शेरॉड ब्राऊन आणि जे. डी. व्हान्स यांनी, मिळून मांडलेलं रेल्वे सुरक्षा विधेयक त्या काँग्रेसमध्ये मंजूर झालं नाही. कमाल अंतराचा कायदा हवा, असं तुम्ही भागधारक म्हणून कंपन्यांना जाहीरपणे सांगा. मालकांनी मागितलं तर कंपन्या आड येणार नाहीत.

मंदीत क्रू घरी न पाठवण्याचं धोरण घेणाऱ्या प्रमुखाला त्या एका कारणासाठी शिक्षा करू नका.

युनियन पॅसिफिक आणि नॉरफोक सदर्न यांच्या विलीनीकरणाला दोन्हीकडच्या भागधारकांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये भरघोस संमती दिली, म्हणजे तुम्ही दिलीत. मंजुरीचा अधिकार एसटीबीचा आहे. गाड्यांची लांबी, फाटकं आणि माझ्यासारख्या लहान ग्राहकांची सेवा याबद्दल कंपनीने काय बांधिलकी द्यावी अशी तुमची अपेक्षा आहे, ते एसटीबीला लेखी कळवा आणि आम्हाला वाचायला द्या.

इंडेक्स फंडांनो, रेल्वेतली अशी लढाई आली की मत कुणाला देणार आणि का, हे मतदानाच्या दोन आठवडे आधी जाहीर करा. ज्यांचे पैसे आहेत त्यांना आपलं मत कळवण्याची सोय द्या.

आणि शेवटची मागणी खर्चाची नाही. संचालक म्हणून निवडून येणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या बैठकीआधी एक रात्र एखाद्या यार्डात कारमनबरोबर काढावी. जानेवारीतली असेल तर बरं. हातात दिवा घेऊन शंभर डबे चालत तपासावेत, वाकून.

तुमच्यातल्या कुणाला माझं म्हणणं प्रत्यक्ष बघायचं असेल तर सोमवारी पहाटे सहाला आमच्या साईडिंगवर या. चार हॉपर येतात. क्रूमध्ये दोघं असतात, त्यातला एक पन्नाशीचा आहे. तो वॅगन सोडून निघण्याआधी प्रत्येक चाकापाशी क्षणभर थांबतो आणि हातमोजा काढून बेअरिंगच्या जवळ हाताचा मागचा भाग धरतो. असं करायला त्याला कुणी सांगितलेलं नाही. मी चहा ठेवतो त्याच्यासाठी, तुमच्यासाठीही ठेवीन.

कळावे,
आपला विश्वासू,
भुसावळच्या एका गुड्स गार्डचा मुलगा
मुक्काम ईशान्य ओहायो